शिक्का नसलेला काटा

निरीक्षकबाईंना जगातली निम्मी माणसं हलकी वाटायची आणि उरलेली निम्मी भेसळीची. एकोणीस वर्षं वजनमापं तपासायच्या नोकरीत काढल्यावर दुसरं काय वाटणार? त्या बाजारात शिरल्या की या टोकापासून त्या टोकापर्यंत कुजबुज पुढे पळायची, काटाबाई आल्या, काटाबाई आल्या, आणि पारड्याखाली चिकटवलेलं मेण नि दांडीला बांधलेला दोरा धडाधड निघायचा. बाई कुणावर ओरडत नसत. ओरडणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्या नुसतं बघायच्या. त्या बघण्यात असं काही असायचं की धंद्यात मुरलेला दुकानदारही वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा हात मागे बांधून उभा राहायचा.

आज दुपारी मात्र त्या कुणाला तपासायला निघालेल्या नव्हत्या. आज त्या आई म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बाकावर बसल्या होत्या, आणि हे बसणं त्यांना मुळीच पटलेलं नव्हतं.

डाव्या हाताला नवरा. तो पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला होता. नखांत कायम डिंक, बोलण्यातही डिंकच, शब्दाला शब्द चिकटून बाहेर पडायला वेळ लागायचा. उजव्या हाताला दहा वर्षांची लेक. तिला सगळे मुंगी म्हणत. रांगत होती तेव्हा घरात जे सापडेल ते, बूच, बटण, शेंगदाणा, उचलून एका कोपऱ्यात नेऊन ठेवायची, म्हणून हे नाव पडलं. अजूनही ती तशीच होती, काळीसावळी, काटकुळी, सतत कुठेतरी निघालेली. फक्त हल्ली काय उचलून नेत होती आणि कुठे नेऊन ठेवत होती, ते कुणाला दिसत नव्हतं.

बाईंच्या पर्समध्ये वर्गशिक्षिकेची चिठ्ठी होती. मुलगी आठवड्यातून तीनचार वेळा तास सोडून स्वच्छतागृहात जाऊन बसते, हाका मारल्या तरी दार उघडत नाही, विचारलं तर काही नाही म्हणते, तरी डॉक्टरांना दाखवावं आणि तिच्या मनाचीही विचारपूस व्हावी, असं त्या चिठ्ठीत होतं.

"मनाची विचारपूस," बाईंनी चिठ्ठी चौथ्यांदा वाचून नाक मुरडलं. "पोट दुखत असेल म्हणून जाऊन बसते पोर, तर म्हणे मन. सहामाहीच्या पत्रकात बेरीज चुकवली होती या बयेनं. चार गुणांनी. आणि निघाली मनं मोजायला."

"अगं, पण ती बसते ना आत," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला कुणी काही लिहून दिलं की ते खरं वाटतं."

नवरा गप्प बसला. पण सकाळी घरातून निघताना मुंगीनं त्याची बाही ओढून जे विचारलं होतं ते त्याच्या मनातून जात नव्हतं. बाबा, डॉक्टर मला विचारतील का, की फक्त आईला? आणि तो म्हणाला होता, तुलाच विचारतील. आता त्याला स्वतःच्या शब्दाची खात्री वाटेना. बायको पुढ्यात असताना आजवर कुणी दुसऱ्या कुणाला काही विचारलेलं त्याला आठवत नव्हतं.

दवाखान्याची अवस्था बाईंनी पहिल्याच नजरेत पारखून घेतली होती. भिंतीवर पोरांची उंची मोजायला जिराफ रंगवलेला. त्याच्या मानेवरचे सेंटिमीटर हातानं काढलेले, नव्वद ते शंभर हे अंतर शंभर ते एकशेदहापेक्षा बोटभर जास्त. घड्याळ सहा मिनिटं पुढे. खेळण्यांच्या टोपलीत तीन चाकांची गाडी, आणि ती मुळात चार चाकांची होती. अशा ठिकाणी लोक आपली पोरं आणून देतात, बाईंच्या मनात आलं, आणि वर पावतीही मागत नाहीत.

खिडकीमागच्या मदतनीस मुलीनं त्यांच्या हातात एक फळी दिली. फळीला फॉर्म अडकवलेला. चोवीस वाक्यं. प्रत्येकापुढे तीन चौकोन, कधीच नाही, कधीकधी, नेहमी. शून्य, एक, दोन.

बाईंनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून मागे बघितला, मागे काहीच नव्हतं, आणि उठून खिडकीशी गेल्या.

"कधीकधी म्हणजे किती?"

"म्हणजे, कधीकधी," मुलगी म्हणाली.

"आठवड्यातून एकदा? महिन्यातून?"

"तसं काही नाही हो. तुम्हाला वाटेल तसं."

"मला वाटून काय उपयोग? उद्या मला वाटलं एक किलो म्हणजे नऊशे ग्रॅम, तर चालेल तुम्हाला?"

मुलीनं दोन क्षण विचार केला. "मॅडम, मी फक्त फॉर्म देते," ती म्हणाली आणि फोन उचलला. फोन वाजलेला नव्हता.

बाई परत येऊन बसल्या आणि त्यांनी स्वतःचा नियम घातला. जे डोळ्यांनी बघितलं तेच लिहायचं. ऐकीव नाही, अदमास नाही, शेजारणीचं मत नाही. नोकरीत त्यांची एकही नोंद आजवर खोडलेली नव्हती. दुसऱ्या निरीक्षकांच्या वह्या बघवत नसत, खाडाखोड, वर शाई सांडलेली. बाईंची वही म्हणजे धुतलेलं अंगण.

"लवकर रडू येतं," त्यांनी वाचलं. "शून्य."

"रडते गं ती," नवरा हळूच म्हणाला.

"तुम्ही बघितलंत?"

"न्हाणीघरात नळ सोडून बसते. नळाच्या आवाजातून कळतं."

"नळाच्या आवाजाचा पंचनामा होत नाही. शून्य." पेन पुढे सरकलं. "शाळेत जायला टाळाटाळ करते. छे. रोज सगळ्यांच्या आधी तयार असते. शून्य. पोटात दुखतं असं सांगते. हे सांगते. मी ऐकलंय. एक. केलेलं काम पुन्हा पुन्हा तपासते."

इथे बाई थांबल्या आणि हसल्या. हसणं म्हणजे नाकातून हवा सोडली.

"बघा. हा आजार झाला. काम तपासणं. यांच्या मतानं आमचं अख्खं कार्यालय वेड्यांचं." आणि त्यांनी चौकोनात शून्य काढलं, अगदी वाटोळं, कंपासनं काढल्यासारखं.

त्यांना अभिमान होता त्या गोष्टीचा. मुंगी रात्री दप्तर भरायची, मग ते रिकामं करून परत भरायची. सकाळी दारातून परत वळून वह्या मोजायची. आई, आज गुरुवारच ना, आई, सही केलीस ना, आई, परत बघ ना. आणि बाई परत बघायच्या. दहा वेळा विचारलं तरी दहा वेळा बघायच्या, कारण विचारणारं माणूस त्यांना आवडायचं. कार्यालयात चहाच्या वेळी त्या सांगायच्या, आमची पोर माझ्यावर गेलीय. बापासारखी ढिली नाही.

"सात सात वेळा भरते गं दप्तर," नवरा म्हणाला. "आणि वह्यांची पानं..."

"काय पानं?"

"काही नाही."

मुंगी दोघांच्या मधून समोर बघत होती. हात मांडीवर, बोटांत बोटं घट्ट. जिराफाच्या मानेवरचे आकडे ती ओठांतल्या ओठांत मोजत होती, खालून वर, वरून खाली.

*

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या असाव्यात. स्वेटर ढगळ, एका बाहीचं बटण गेलेलं. टेबलावर कागदांचा ढीग आणि ढिगावर अर्धं खाल्लेलं बिस्कीट. ही बाई माणसांच्या पोरांना औषधं मोजून देते, निरीक्षकबाई मनात म्हणाल्या, आणि हिला अर्ध्या बिस्किटाचा हिशेब लागत नाही.

डॉक्टरांनी फॉर्म घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं.

"शून्य फार सुबक काढता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "बेरीज पाच. साधारण पंधराच्या वर गेलं की आम्ही पुढे बघतो."

"म्हणजे झालं," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलली. नवऱ्याकडे त्यांनी असं बघितलं की जणू काटा तपासून परत दिला, घ्या, ठीक आहे तुमचं. "मी शाळेला तसं कळवते. तुम्ही एक चिठ्ठी द्या."

मुंगीची मान खाली गेली. बापानं ते बघितलं. त्याचं तोंड उघडलं आणि नेहमीसारखंच उघडं राहिलं.

"बसा हो. वजन राहिलंय," डॉक्टर म्हणाल्या. "ये गं. चपला काढ."

कोपऱ्यात वजनकाटा होता. अर्धा फरशीवर, अर्धा चटईवर. मुंगी चपला काढून निघाली तोच बाई आडव्या आल्या.

"थांबा. याच्यावर शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?"

"पडताळणीचा. दरवर्षी लागतो." बाई खाली वाकल्या होत्या. "आणि हा बुडबुडा बघा. काचेतला. तो वर्तुळाच्या मधोमध पाहिजे. तुमचा पार भिंतीला जाऊन टेकलाय. काटा सपाटीत नाही."

"असेल."

असेल. हा शब्द बाईंनी बाजारात रोज ऐकला होता आणि रोज त्याची माती केली होती. त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट फेरीवरून आल्या होत्या, कामाची पिशवी सोबतच होती. त्यांनी मऊ कापडात गुंडाळलेली दोन दोन किलोची दोन प्रमाण वजनं काढली. उघड्या हातानं त्या वजनांना कुणी शिवत नसे, घामानंही वजन बदलतं. कापडानं धरून त्यांनी ती काट्यावर ठेवली, अलगद, जशी न्हाऊ घातलेली मुलं पाळण्यात ठेवावीत.

चार किलो तीनशे.

"तीनशे ग्रॅम," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "या काट्यावर तुम्ही पोरांची औषधं ठरवता?"

"तीनशे ग्रॅमनं या वयात माझं काही अडत नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्या उठल्याही नव्हत्या. "गेल्या वेळी वडिलांबरोबर आली तेव्हाही ती याच काट्यावर उभी राहिली होती, आताही याच काट्यावर राहील. मला फरक कळला की झालं. तान्ह्यांचा काटा वेगळा आहे, तो आतल्या खोलीत. तोही तपासा जाताना, बरं होईल. ये गं, उभी राहा."

बाईंना हे उत्तर ऐकून इतकी तुच्छता दाटून आली की त्यांनी पाठच फिरवली. त्यांनी वजनं पुसून कापडात गुंडाळली.

मुंगी काट्यावर चढली. सव्वीस किलो चारशे. डॉक्टरांनी लिहिलं. मुंगी उतरली.

आणि परत चढली.

"सव्वीस तीनशे," ती म्हणाली. "आधी चारशे होतं."

"चालतं," डॉक्टर म्हणाल्या.

मुंगी उतरली, पावलं फ्रॉकला पुसली, परत चढली. चारशे. उतरली. चढली. साडेतीनशे. या वेळी हात अंगाला चिकटवून, श्वास धरून. उतरली.

"बघा," निरीक्षकबाई म्हणाल्या. "दहा वर्षांच्या पोरीला कळतं की तीनदा घ्यावं लागतं. तीनदा घेऊन मध्य काढायचा. मी शिकवलेलं नाही हं हे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या मुंगीकडे बघत राहिल्या.

परत. पाचव्यांदा. उतरायची, पावलं पुसायची, चढायची. सहाव्यांदा बाई म्हणाल्या, "पुरे आता," पण मुंगीला ते ऐकू गेलं नाही. आईचं ऐकू गेलं नाही असं त्या घरात आजवर झालं नव्हतं. ओठ हलत होते, काही मोजत होते, मोजून पुसत होते. सातव्यांदा काट्यावर चढली तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब आले होते आणि गुडघे थरथरत होते, आणि गुडघे थरथरत होते म्हणून आकडा ठरत नव्हता, आणि आकडा ठरत नव्हता म्हणून गुडघे.

बाईंनी हे असं कधी समोरून बघितलं नव्हतं. त्या नेहमी दप्तर बघत. तोंड बघायचं राहून गेलं होतं.

डॉक्टर आता उठल्या. काट्यापाशी जाऊन फरशीवरच बसल्या, मांडी घालून, ढगळ स्वेटरसकट.

"अजून किती वेळा?" त्यांनी विचारलं. जसं कुणी विचारावं, किती वाजले.

"जुळेपर्यंत," मुंगी म्हणाली.

"आणि नाही जुळलं तर?"

मुंगीनं आईकडे बघितलं.

"आई उत्तर देणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मी तुला विचारलं."

नवऱ्यानं मान वर केली.

"नाही जुळलं तर मी चुकीची," मुंगी काट्यावरूनच म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की खोलीतला पंखा मोठा वाटला.

"चुकीची असलीस तर काय होतं?"

"चुकीचं असलं की चेपतात. ऐरणीवर ठेवून. मी बघितलंय आईच्या ऑफिसात. मग ते परत कुणाच्या घरी जात नाही."

मागच्या सुट्टीत बाईंनी तिला कार्यालयात नेलं होतं. नापास झालेली वजनं शिपाई घणानं चेपत होता, पुन्हा बाजारात जाऊ नयेत म्हणून. मुंगी डोळ्याची पापणी न लववता बघत होती. बाईंनी चहाच्या वेळी तेही सांगितलं होतं सगळ्यांना. पापणी लवली नाही हो पोरीची.

"आणि तुला कोण चेपणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते माहीत नाही." मुंगीनं पोटावर हात ठेवला. "पण इथं वाटतं की आता होणार. शाळेत पेपर देऊन झाला की वाटतं. मग मी आत जाऊन बसते आणि सगळी उत्तरं पहिल्यापासून आठवते. मध्ये कुणी हाक मारली की परत पहिल्यापासून."

"रोज?"

"रोज."

"खूप दमत असशील गं."

तेवढ्या एका वाक्यावर मुंगी काट्यावरून उतरली आणि रडायला लागली. नळ नव्हता, पाणी नव्हतं, उघड्या खोलीत, तिघांच्या समोर.

*

बाप उठला. त्यानं खांद्याच्या झोळीतून एक वही काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर, बिस्किटाशेजारी ठेवली. गणिताची वही. पुठ्ठा नवा, शिवण नवी.

"चौथ्यांदा बांधली ही," तो म्हणाला. "खोडून खोडून पान फाटतं तिचं. भोक पडतं. मग ती फाटलेलं पान आईला दिसेल म्हणून घाबरते, आणि मी आपलं कारखान्यात नेतो, पान काढतो, नवं घालतो, शिवतो. सकाळपर्यंत दप्तरात. पुढून काही कळत नाही. पाठीवरून हात फिरवला तर कळतं."

एवढं लांब तो वर्षभरात बोलला नसेल.

बाईंनी वही घेतली. पाठीवरून अंगठा फिरवला. काम चोख होतं, उगाच कशाला नाकारायचं. दुकानदारांनी पारड्याखाली लावलेलं मेण त्यांनी दहा पावलांवरून ओळखलं होतं, आणि ही वही त्यांच्या हातातून रोज सहीला गेली होती.

"मला का नाही दाखवलीत?" त्यांनी विचारलं.

"तू शून्य दिलं असतंस."

बाईंनी वही टेबलावर ठेवली. आयुष्यात ज्याला कवडीची किंमत दिली नाही त्या माणसानं इतकं बिनचूक उत्तर द्यावं, याचा त्यांना राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते सापडेना. शिक्षिकेवर निघेना. ती तर चिठ्ठी लिहून मोकळी झाली होती, आणि तिची ही बेरीज चुकलेली नव्हती.

"म्हणजे हे माझ्यामुळे," त्या शेवटी म्हणाल्या. हे त्या अशा ताठपणे म्हणाल्या की जणू कुणी सही मागितली आणि त्यांनी करून दिली.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. फरशीवरून उठताना त्यांचे गुडघे कटकन वाजले. "सगळं श्रेय घेऊ नका. तुमची ऐरण नसती तर तिच्या भीतीनं दुसरं काही उचललं असतं. जंतू, कुलूप, देवाचा कोप. भीतीला घर लागतं, ती समोर दिसेल त्यात शिरते. काही पोरांचा मेंदू असा धोक्याची घंटा वाजवत बसतो, उगाच. त्याला नाव आहे, उपाय आहेत, पण नाव मी आज देणार नाही. मुलांच्या मनाच्या डॉक्टर इथे दर मंगळवारी येतात. त्या नीट बोलतील तिच्याशी, मग देतील."

"मग तुम्ही काय केलंत?" बाईंच्या तोंडून गेलं. जुनी सवय.

"मी वजन केलं," डॉक्टर म्हणाल्या.

बाईंनी हात पुढे केला. "फॉर्म द्या माझा."

डॉक्टरांनी दिला. बाईंनी पेन काढलं. काम तपासण्याच्या सात नंबरच्या वाक्यावर, त्या वाटोळ्या शून्यावर, एक रेघ मारली. शेजारी दोन लिहिलं, आणि खाली सही केली, खाडाखोड केली की करावी लागते तशी. मग त्या रडण्याच्या वाक्याशी आल्या आणि थांबल्या. तिथे काय लिहायचं ते त्यांना माहीत नव्हतं. शाळेच्या टाळाटाळीचं माहीत नव्हतं. झोपेचं माहीत नव्हतं, भुकेचं माहीत नव्हतं. चोवीस वाक्यं त्यांच्या पोटच्या पोरीबद्दल होती आणि त्यांनी सुबक अक्षरात सगळी भरली होती. असा फॉर्म हाताखालच्या कुणी भरून आणला असता तर बाईंनी तो दोन बोटांत धरून परत केला असता आणि त्या माणसाला पुन्हा नजरेसमोर उभं केलं नसतं.

त्यांनी फळी मुंगीच्या मांडीवर ठेवली.

"मला यातलं काही येत नाही," त्या म्हणाल्या. "तू सांग. मी लिहिते."

मुंगीनं नाक पुसलं. "चुकलं तर?"

"खोडू. मी आत्ताच खोडलंय. बघ."

मुंगीनं ती रेघ बघितली. आईच्या अक्षरावरची रेघ. मग एकेका वाक्यावर बोट ठेवत सांगत गेली, आणि बाई लिहीत गेल्या, खोडत गेल्या, सह्या करत गेल्या. बाप खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बेरीज कितीवर गेली ते डॉक्टरांनी वाचून दाखवलं नाही, आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बेरीज विचारली नाही.

"एक गोष्ट मंगळवारपर्यंत," डॉक्टर म्हणाल्या. "ती विचारेल, आई, बरोबर आहे ना. एकदा उत्तर द्या, खरं आणि सरळ. दुसऱ्यांदा विचारलं की देऊ नका. रागावू नका, समजावू नका. तिच्याजवळ थांबा नुसतं. तुम्ही प्रत्येक वेळी परत बघता, तेव्हा तिला वाटतं की परत बघण्यासारखं खरंच काही आहे."

"म्हणजे पोर विचारत असताना आईनं तोंड शिवून बसायचं," बाई म्हणाल्या.

"हो. सोपं नाही. तुम्हाला तर मुळीच जमणार नाही असं मला वाटतं."

बाईंनी डॉक्टरांकडे बघितलं, बाजारात बघत तसं. डॉक्टरांनी उरलेलं बिस्कीट तोंडात टाकलं.

*

जिना अरुंद होता. बाप रिक्षा बघायला पुढे गेला होता. तिसऱ्या पायरीवर मुंगी थांबली.

"आई, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मंगळवारच लिहिलाय ना?"

"मंगळवार. साडेचार."

दोन पायऱ्या.

"आई, परत बघ ना. एकदाच."

बाईंचा हात सवयीनं पर्सकडे गेला. चेन अर्धी उघडली. चिठ्ठीचं टोक वर दिसलं. बघायला किती लागतं, एक क्षण. बघितलं की पोरीच्या कपाळावरची आठी जाईल, हे त्यांना माहीत होतं. पुढच्या वळणावर ती परत येईल, हेही माहीत होतं. आजपर्यंत दुसरं जमेत धरलं नव्हतं.

त्यांनी चेन लावली.

"आई."

बाई बोलल्या नाहीत. मुंगीनं त्यांचा पदर मुठीत धरला, मग मनगट धरलं. नखं रुतली. ती रडत नव्हती, फक्त श्वास भराभर घेत होती, आणि प्रत्येक श्वासात एकदा आई म्हणत होती. त्या आवाजानं बाईंच्या काळजाला घरं पडली. त्या खाली बसल्या, पायरीवरच, कामाच्या इस्त्रीच्या कपड्यांत, आणि पोरीला मांडीशी ओढून धरून गप्प राहिल्या. गप्प राहणं म्हणजे काही न करणं, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं. गप्प राहणाऱ्या नवऱ्याला त्यांनी त्याच मापानं मोजलं होतं. आता दात दातांवर दाबून बसल्यावर त्यांच्या पाठीला घाम फुटला.

वरून एक गृहस्थ तान्हं मूल घेऊन उतरले आणि अडले.

"बाई, जिना आहे हा. जरा बाजूला होता का?"

निरीक्षकबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

गृहस्थ मूल छातीशी धरून भिंतीला लागले आणि एक एक पायरी तिरके तिरके खाली गेले. मुंगीचे श्वास अजून मोठे होते. बाई पोरीच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.